फुप्फुस-धावन द्रवातील सायटोकाइनांचे बहुघटक मापन

फुप्फुसातील दाहाचे स्वरूप समजण्यासाठी ब्रॉन्कोस्कोपमधून वायुकोशांपर्यंत सलाइन सोडून ते परत ओढून घेतात आणि त्या द्रवातील अनेक सायटोकाइने एकाच चाचणीत मोजतात. सायटोकाइने ही पेशींनी परस्परांना संदेश देण्यासाठी स्रवलेली लहान प्रथिने होत. इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८, टीएनएफ-अल्फा आणि इंटरफेरॉन-गॅमा ही त्यांतली नेहमी मोजली जाणारी. लवचिक ब्रॉन्कोस्कोप जपानच्या शिगेतो इकेदा यांनी १९६०च्या दशकात रुळवला आणि त्यानंतर फुप्फुस धुऊन नमुना घेणे आवाक्यात आले. मापनासाठी बहुधा रंगीत सूक्ष्म मणी वापरतात. प्रत्येक मण्यात दोन रंगद्रव्ये ठरावीक प्रमाणात मिसळलेली असतात, त्यावरून यंत्र मणी ओळखते. मण्यावरील प्रतिपिंड आपले सायटोकाइन पकडते, दुसरे प्रतिपिंड त्यावर चमकणारी खूण चढवते आणि चमकेच्या तीव्रतेवरून प्रमाण काढतात. एलायझात, म्हणजे एका वेळी एकच घटक मोजणाऱ्या प्रतिपिंड-चाचणीत, दर घटकासाठी नमुन्याचा वेगळा वाटा लागतो. मण्यांच्या पद्धतीत २५ ते ५० मायक्रोलिटरमध्ये वीस-तीस घटक मोजून होतात. परत आलेल्या मोजक्या द्रवातूनच पेशींची गणना आणि जंतूंचे कल्चरही करायचे असते, तेव्हा ही बचत मोठीच.

उत्तर पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर असे येते. पण हे प्रमाण धुतलेल्या पाण्यातले असते, फुप्फुसाच्या अस्तरावरच्या द्रवातले नव्हे, आणि या पद्धतीची खरी अडचण इथेच आहे. प्रौढ रुग्णात साधारण १०० ते ३०० मिलिलिटर सलाइन टप्प्याटप्प्याने सोडतात. परत येणाऱ्या द्रवात अस्तरद्रवाचा वाटा ढोबळ मानाने शंभरातला एक. शिवाय सीओपीडीच्या (श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या दीर्घकालीन विकाराच्या) रुग्णात श्वासनलिका ओढताना मिटतात आणि पाणी कमी परत येते. म्हणजे दाह सारखाच असलेल्या दोघांचे आकडे केवळ धुण्याच्या फरकामुळे वेगळे पडू शकतात. यावर युरियाचा उपाय १९८६ मध्ये पुढे आला: युरिया रक्तातून अस्तरद्रवात सहज झिरपतो, दोन्हीकडे त्याचे प्रमाण सारखे असते, म्हणून रक्त आणि धावन यांतल्या युरियाची तुलना केली की किती पातळ झाले ते कळते. युक्ती सुरेख आहे, पण सलाइन आत जितका वेळ राहील तितका युरिया रक्तातून आणखी येत राहतो आणि अस्तरद्रव आहे त्याहून जास्त भासतो. अल्ब्युमिनचा आधार घ्यावा तर दाहामुळेच ते रक्तातून गळते. ज्याची तपासणी करायची त्यानेच मापपट्टी वाकवलेली.

यातून एक मार्ग निघतो आणि तोच बहुघटक चाचणीचे खरे बलस्थान आहे, असे प्रस्तुत नोंदीचे मत आहे. द्रव पातळ झाला तर सगळे घटक सारख्याच प्रमाणात पातळ होतात. त्यामुळे एकाच नमुन्यातील घटकांचे परस्परांशी गुणोत्तर टिकते. समजा, एक घटक ४० आणि दुसरा ४ आहे. दुप्पट पाणी पडले तर २० आणि २ होतील, गुणोत्तर दहाच. इथे घेतला जाणारा आक्षेप रास्त आहे: चाचणीची मोजमर्यादा ३ असेल, तर दुसरा घटक नाहीसाच होईल. म्हणून मर्यादेखालच्या आकड्यांना शून्य मानणे चूक. ते मर्यादेखाली होते एवढेच नोंदवावे. दुसरा आक्षेप संख्याशास्त्राचा. तीस घटक तपासले की पाच टक्क्यांच्या कसोटीवर एक-दोन फरक नुसत्या योगायोगाने 'लक्षणीय' ठरतात. पॅनेल जितके मोठे, तितकी आधी ठरवलेल्या प्रश्नाची आणि तुलनेच्या गटाची गरज मोठी.

तुलनेच्या गटावाचून काय होते, हे देवळाली कॅम्पच्या संदर्भात नीट दिसते. नाशिकजवळची ही छावणी कोरड्या, निरोगी हवेसाठी नावाजली आणि तिथे निरनिराळ्या समाजांची सॅनिटोरियम उभी राहिली. हवा, विश्रांती आणि सकस आहार हाच क्षयाचा उपचार, असा तो काळ. माणसे बरी होत, श्रेय हवेला जाई. घरी राहून कोण बरे झाले असते याची मोजणी नव्हती. ती मद्रासमध्ये झाली. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीच औषधे घेणारे घरचे आणि सॅनिटोरियममधले रुग्ण जवळपास सारखेच बरे झालेले दिसले. आरोग्यस्थानांची विश्रांती निरर्थक ठरत नाही, पण क्षय बरा करण्याचे श्रेय औषधांकडे जाते.

रक्त काढणे इतके सोपे असताना फुप्फुस धुवावे कशाला, हा आक्षेप सर्वांत वजनदार. पुणे आणि चेन्नईतील क्षयरुग्णांच्या संशोधनगटातून उपचारापूर्वी रक्तातील इंटरल्यूकिन-६ चढे असणे आणि उपचार फसणे यांचा संबंध पुढे आला आहे. रुग्णाचे पुढे काय होईल एवढेच विचारायचे असेल, तर रक्त पुरे. दाह फुप्फुसात कुठे आणि कोणत्या पेशींभोवती चालला आहे, हे मात्र रक्त सांगत नाही. देवळालीसारख्या ठिकाणी नमुना घेतला आणि प्रयोगशाळा पुण्याला असली, तर द्रव लगेच बर्फावर ठेवून, सेंट्रिफ्यूज करून, पेशीविरहित भाग लहान कुप्यांत उणे ८० अंशांवर गोठवावा लागतो. वारंवार वितळवल्यास काही सायटोकाइने ढासळतात. सोडलेले आणि परत आलेले पाणी किती, हे न लिहिलेला अहवाल तुलनेला घेऊ नये. क्षयाच्या निदानासाठी या द्रवाची सीबीनॅट (क्षयजंतूंचा डीएनए शोधणारी चाचणी) आणि कल्चर तपासणीच करतात. सायटोकाइनांचे पॅनेल अजून मुख्यतः संशोधनापुरतेच आहे.