देवी झालेली सून

सत्यजित राय यांचा 'देवी' हा बंगाली बोलपट १९६० साली निघाला. कथा प्रभातकुमार मुखोपाध्यायांची. तिची मूळ कल्पना त्यांना रवींद्रनाथांनी सुचविलेली. काळ १८६० चा, गाव चंडीपूर. जमीनदार कालीकिंकर हे कालीचे निस्सीम भक्त. एका रात्री त्यांना स्वप्न पडते की, आपली धाकटी सून दयामयी ही साक्षात जगन्माता आहे. ते सुनेच्या पायांवर डोके ठेवतात, आणि त्या कोवळ्या मुलीचा संसार तेथेच आटोपतो.

त्या काळाची एक यादी आपल्या सर्वांस पाठ असते. १८२९ साली सतीबंदी, १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा, १८५७ साली कलकत्ता विद्यापीठ. यादी खोटी नव्हे. परंतु दयामयीला कोणी चितेवर चढविले नव्हते, की तिचा नवराही वारला नव्हता. तिला बसवून तिची आरती केली, एवढेच! याविरुद्ध दाद मागावी ती कोणत्या कलमाखाली? बरे, कालीकिंकर ढोंगी असते तर गोष्ट सोपी होती. छबी विश्वासांनी रंगविलेला हा म्हातारा अगदी सच्चा आहे, आणि म्हणूनच आम्हांस त्याची धास्ती वाटते.

आपल्याकडे जिच्या अंगात येते, त्या बाईला निदान तेवढा वेळ घरच्यांना चार शब्द सुनावता येतात. दयामयीला तेवढेही नाही. धुपाच्या धुराने तिला घेरी येते. पण देवीला रजा कोठली? पुढे एका भिकाऱ्याचा मरणोन्मुख नातू तिच्या चरणतीर्थाने शुद्धीवर येतो आणि दारी रीघ लागते. कलकत्त्यास इंग्रजी शिकणारा नवरा उमाप्रसाद तिला पळवून नेऊ पाहतो, तर नदीकाठी तिचाच पाय अडतो. आपण खरोखरच देवी असलो तर? तेथे उमाप्रसादाची सारी विद्या थिटी पडते.

या घरात शहाणी एकच, थोरली जाऊ हरसुंदरी. शर्मिला टागोरांच्या दयामयीपुढे करुणा बॅनर्जींच्या या भूमिकेकडे सहसा लक्ष जात नाही. वास्तविक हे सारे थोतांड आहे हे प्रथम तीच ओळखते, आणि उमाप्रसादाला पत्र लिहून परत बोलावणारीही तीच. पुरुष पायांवर लोळत असता एका बाईने लेखणी उचलावी, ही आमच्या मते बोलपटातील सर्वांत मोठी घटना होय.

पुढे तिचाच मुलगा, खोका, तापाने आजारी पडतो. तिला औषधोपचार हवा असतो. नवरा बापाच्या शब्दाबाहेर नाही, आणि बापाला वाटते, घरात देवी असता वैद्य कशाला? शेवटी मूल दयामयीच्या मांडीवर येते आणि दगावते. घर जमीनदाराचे, औषधाला पैशांची वाण नव्हती. हुकूम तेवढा हरसुंदरीच्या हाती नव्हता.