टाळूचं भोक आणि फ्रॉइडचा ‘राक्षस’

कर्करोगामुळे वरचा जबडा काढला की तोंड आणि नाक यांच्यामधला पडदाच जातो. पाणी प्यायलं तर नाकातून येतं, बोललेलं घरच्यांनाही कळत नाही. हे भोक बंद करणाऱ्या कवळीला आम्ही ‘ऑब्च्युरेटर’ म्हणतो.

सोळाव्या शतकात फ्रेंच शल्यविशारद आंब्रोआज पारे यांनी धातूच्या पत्र्याला वरून स्पंज जोडला. नाकातल्या ओलाव्याने तो फुगायचा आणि पत्रा जागेवर राहायचा. युक्ती नामी, पण वासाची कल्पना करा!

एकोणिसाव्या शतकात गंधक घालून कडक केलेलं रबर, म्हणजे व्हल्कनाइट आलं. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२३ च्या शस्त्रक्रियेपासून १९३९ मध्ये मृत्यू येईपर्यंत अशा कवळ्या वापरल्या. घरात कवळीचं नाव होतं ‘राक्षस’. ती रुतायची, जखमा व्हायच्या. काढून ठेवावी तर आजूबाजूचा भाग आकसून पुन्हा बसायची नाही.

१९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात ॲक्रिलिक आलं. हलकं, हिरडीच्या रंगाचं, आणि मुख्य म्हणजे घासून किंवा भर घालून दुरुस्त करता येणारं. तुमचीही कवळी बहुधा त्याचीच असेल. जखम भरताना भोकाचा आकार कित्येक महिने बदलत राहतो. म्हणून कवळी टोचली, किंवा पाणी पुन्हा नाकात येऊ लागलं, तर फ्रॉइडसारखं सोसत बसू नका, दाखवायला या.