तेरड्याचा रंग तीन दिवस

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण आपण टोमणा म्हणून वापरतो. उत्साहात व्यायाम सुरू करून चौथ्या दिवशी झोपून राहणाऱ्यासाठी, नव्या मैत्रीचं नवेपण ओसरल्यावर. पण तेरडा कुठे वापरला जातो ते पाहिलं की म्हणीची दुसरी बाजू दिसते. भाद्रपदात कोकणातल्या माळांवर, बांधांवर गुलाबी-जांभळा तेरडा आपोआप उगवतो. अनेक घरांत तीच रोपं गौर म्हणून आणतात. पहिल्या दिवशी आवाहन, दुसऱ्या दिवशी पूजन, तिसऱ्या दिवशी विसर्जन. गौर तीनच दिवस राहणार, तर रंग चौथ्या दिवशी टिकून करायचं काय?

मी सॉफ्टवेअर लिहितो आणि विरारला पाचव्या मजल्यावर राहतो. आमच्या धंद्यात ‘एकदा करा, कायम वापरा’ हा मोठा गुण समजला जातो. त्यामुळे सण आले की घर कमी पैशांत सजवायचं म्हणजे एकदाच काहीतरी टिकाऊ घ्यायचं आणि दरवर्षी माळ्यावरून काढायचं, हेच मला शहाणपणाचं वाटायचं. पण या पट्ट्यातला इतिहास वाचत गेलो तसं दिसलं, की इथली जुनी सजावट नेमकी उलट्या हिशेबावर उभी होती. ती न टिकणारी होती म्हणूनच स्वस्त होती.

सर्वांत जुनं आणि आता जगप्रसिद्ध झालेलं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. वारली घराच्या भिंती म्हणजे कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप. लग्न निघालं की भिंत गेरूने सारवायची आणि सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने त्यावर लग्नचौक काढायचा. मध्ये पालघट देवी, भोवती नक्षी. ब्रश म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. गेरू, पीठ, काडी, सगळं हाताशी असलेलं. लग्न झालं की चित्राचं काम संपलं. पुढच्या सारवणात ते झाकलं जायचं आणि त्याची कुणाला हळहळ वाटत नसे.

ही चित्रं टिकू लागली ती १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला. भास्कर कुलकर्णी डहाणू भागात आले आणि त्यांनी वारली चित्रकारांच्या हाती कागद दिला. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे लग्नाचा मुहूर्त नसतानाही चित्रं काढू लागले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. कागदामुळे वारली चित्र जगभर पोचलं आणि त्यावर अनेक घरं उभी राहिली, हे चांगलंच झालं. पण त्याबरोबर एक अदलाबदलही झाली. बायकांनी काढायची, ठरावीक प्रसंगाची, पुसली जाणारी सजावट प्रामुख्याने पुरुषांच्या सहीची, विकत घ्यायची वस्तू बनली. आज आमच्या इमारतीतल्या कितीतरी दिवाणखान्यांत वारली नक्षी आहे. ती बारा महिने तशीच असते, म्हणून कुणी तिच्याकडे बघत नाही.

‘जुनं ते शुद्ध’ असा याचा अर्थ कुणी काढू नये. दसऱ्याचं तोरण घ्या. झेंडूशिवाय दसरा ही कल्पनाच आपल्याला करवत नाही. पण झेंडू मूळचा अमेरिका खंडातला, मेक्सिकोकडचा. पोर्तुगीजांचं बस्तान इकडे बसल्यानंतरच्या काळात तो आपल्याकडे रुजला असं मानलं जातं. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती. चिमाजी अप्पांच्या फौजेने किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, झेंडू राहिला. परक्या फुलाला आपण देवापुढे बसवलं, कारण ते ऐन हंगामात भरघोस येतं, ओवायला सोपं जातं आणि स्वस्त मिळतं. परंपरा म्हणजे पुष्कळदा त्या त्या ऋतूत मुबलक काय आहे याची नोंद.

त्याच तोरणात आंब्याची पानं, कुरडूचे तुरे आणि भाताच्या लोंब्या असतात. लोंब्या, कारण नवं पीक नुकतंच हाती येत असतं. साधारण त्याच सुमारास, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजात आगेरा साजरा होतो. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन त्यांना आशीर्वाद घेतात आणि घरी आणतात. प्रार्थना वेगळ्या, लोंबी एकच. नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरतात आणि नऊ दिवसांत हिरवे कोंब येतात. गोव्यात नाताळच्या गोठ्यासाठी नाचणी पेरून हिरवळ उगवतात. येशूजन्माचा देखावा मांडण्याची प्रथा संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी केलेल्या देखाव्यापासून सांगितली जाते. इतक्या लांबून आलेला देखावाही कोकणपट्टीत येऊन नाचणीवर उभा राहिला.

इंजिनिअर म्हणून मला सगळ्यांत आवडतो तो कंदील. घरी करायचा आकाशकंदील म्हणजे बांबूच्या कामट्या, दोरा, पतंगी कागद आणि पिठाची खळ. साधारण दोन महिन्यांत याच साहित्यातून नाताळचा तारा होतो. पाच कामट्या एकमेकींवर टाकून टोकं बांधली की पाच टोकांची चांदणी. अशा दोन चांदण्या टोकांना जोडायच्या आणि आतल्या पाच फुल्यांपाशी दोघींच्या मध्ये पाच छोट्या काड्या अडकवायच्या. त्या काड्या चौकटींना बाहेर ढकलतात, कामट्यांचा ताण त्यांना आत ओढतो आणि तारा एकही खिळा न मारता फुगून ताठ उभा राहतो. युरोपातला प्रसिद्ध हेर्नहूटचा कागदी तारा १९व्या शतकात शाळेतल्या भूमितीच्या धड्यातून जन्मला. आपल्याकडे हा धडा गॅलरीत, मोठ्या भावंडांकडून मिळत आला.

मग थर्माकोल आला. हलका, पांढराशुभ्र, कापायला सोपा आणि नाशिवंत नसलेला. मखरासाठी त्याच्यासारखं काही नाही असं वाटावं इतका सोयीचा. २३ मार्च २०१८ रोजी राज्य सरकारने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. गणेशोत्सवापुरती सवलत मिळावी म्हणून व्यावसायिक उच्च न्यायालयात गेले, जुलैमध्ये न्यायालयाने नकार दिला. गौर तीन दिवसांची, गणपती दीड ते दहा दिवसांचा, आणि मखर मात्र शेकडो वर्षं न कुजणारं, हा विरोधाभास शेवटी कायद्याला सोडवावा लागला.

इथपर्यंत आल्यावर ‘निसर्गाकडे परत चला’ असा समारोप करणं सोपं आहे. मला ते जमत नाही, कारण मधला एक हिशेब राहतो. तेरडा फुकट होता तो माळ मोकळा होता म्हणून. शेण, माती, कारवी, आंब्याची पानं यांना पैसे पडत नव्हते, कारण अंगण होतं, वाडी होती, जंगलात जाता येत होतं. साधेपणाचा खर्च जमीन उचलत होती. २०११च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. त्या वाढीत माझ्यासारख्यांची घरंही आली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. ती लढाई आपण पाण्याची आणि जमिनीची म्हणून आठवतो. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या वाड्या, पहाटेच्या लोकलने दादरला जाणारी फुलं, तोरणाची पानं हे सगळं त्याच जमिनीत रुजलेलं आहे, हे सहसा आठवत नाही.

आज दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी स्टेशनबाहेर आदिवासी पाड्यांवरून आलेल्या बाया पानं, लोंब्या, कुरडू घेऊन बसतात. तोरण अजूनही प्लास्टिकच्या माळेपेक्षा स्वस्त पडतं. पण आपल्याला ते स्वस्त पडतं ते पाड्याभोवती रान उरलं आहे आणि त्या बायांनी आपल्या मेहनतीचा भाव कमी लावला आहे म्हणून. दोन्ही गोष्टी कायमच्या नाहीत.

माझ्या घरात सध्या एवढंच आहे. दाराला तोरण, ते सुकलं की कुंडीत. उंबऱ्याशी रांगोळी. दिवाळीला कामट्यांचा कंदील आणि उरलेल्या कामट्यांचा तारा, तो शेजारच्या काकूंच्या गॅलरीत लागतो. वर्षाचा सगळा खर्च एका विजेच्या माळेएवढाही होत नाही. कंदील मला शिकता आला, उद्या कुणालाही शिकवता येईल. आंब्याच्या पानांचं तसं नाही. त्यांना झाड लागतं, आणि झाडाला जागा.