अर्जुनी आणि वडसा यांच्यामधले सोळा महिने

मांडीचं हाड मोडलेल्या लहान मुलाला कमरेपासून पायापर्यंत जे प्लास्टर घालतात, त्याला डॉक्टर ‘हिप स्पायका’ म्हणतात. लॅटिनमध्ये स्पायका म्हणजे धान्याची ओंबी. पट्टीचे तिरपे वेढे एकमेकांवर चढत जातात, तेव्हा ओंबीतल्या दाण्यांसारखी वीण दिसते. धान पिकवणाऱ्या गोंदियाला हे नाव वेगळं समजावून सांगायला नको.

पट्टीची ही पद्धत जुनी, प्लास्टर मात्र अलीकडचं. अँटोनियस मॅथायसन या डच लष्करी डॉक्टरने १८५२ मध्ये प्लास्टरच्या पट्टीची माहिती छापली. पाठोपाठ क्रिमियाच्या युद्धात रशियन सर्जन पिरोगोव यांनी ती जखमी सैनिकांवर वापरली.

आकडे त्यानंतर आले. १८९३ मध्ये जाक बर्टिलाँ यांनी मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. आजचे आजारांचे कोड तिच्यातूनच वाढले. म्हणजे सुरुवात मेलेल्यांच्या मोजणीने झाली. उपचारांचे कोड अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने १९६६ मध्ये काढले. त्यांत एका पायाचा स्पायका २९३०५, दीड किंवा दोन्ही पायांचा २९३२५. मोडलेल्या हाडाचे पूर्ण उपचार करणाऱ्या डॉक्टरने पहिल्या प्लास्टरचे पैसे मात्र वेगळे मागायचे नाहीत. ते उपचाराच्या कोडमध्येच धरलेले असतात.

आपल्याकडच्या सरकारी योजनेने हाच विचार पुढे नेला. प्रत्येक उपचाराचं एक पॅकेज: खाट, औषधं, तपासण्या, जेवण, घरी परतायचं एसटीचं भाडंसुद्धा त्यात. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. यादीत ९७१ उपचार, कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं कवच. शेजारचा गडचिरोली त्या आठांत होता, गोंदिया नव्हता. गोंदियाचा नंबर नोव्हेंबर २०१३ मध्ये लागला.

गोंदिया-बल्लारशाह रेल्वेमार्गावर अर्जुनी गोंदिया जिल्ह्यात येतं, वडसा गडचिरोलीत. एकाच गाडीने जाणारी, एकाच रंगाची शिधापत्रिका असलेली दोन कुटुंबं. सोळा महिने एकाच्या कार्डावर उपचाराचं कवच होतं, दुसऱ्याच्या कार्डावर फक्त धान्य.

२०१७ मध्ये योजनेला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. २०२३ मध्ये कवच पाच लाखांवर नेऊन ते सगळ्यांना देण्याचा निर्णय झाला. जिल्ह्यांमधली ती रेघ पुसली गेली.

एक रेघ अजून आहे. स्पायका घातलेलं मूल कित्येक आठवडे चालू शकत नाही, बसूही शकत नाही. त्याला उचलायचं, कुशीवर वळवायचं, प्लास्टर ओलं होऊ न देता स्वच्छ करायचं, तेही रात्रंदिवस. हे काम बहुधा आईच करते. रोवणीच्या दिवसांत हे झालं, तर तिची हंगामाची मजुरी बुडते. पॅकेज मुलाला एसटीने घरापर्यंत पोचवतं. घरी सुरू होणाऱ्या या कामाला मात्र कोणत्याही यादीत कोड नाही.