परतीचे तिकीट

दिवाळीत फराळाच्या ताटाबरोबर आमच्या मजल्यावर आणखी एक गोष्ट घरोघर फिरते, ती म्हणजे प्रवासाची वर्णने. गेल्या वर्षी आमच्या शेजारचे कुटुंब तुर्कस्तानचा किनारा पाहून आले होते. आईवडील, आजी, दोन मुले असा सगळा लवाजमा. भाऊबीजेच्या संध्याकाळी आम्ही सारे त्यांच्याकडे जमलो आणि मोबाइलवरची छायाचित्रे हातोहात फिरू लागली. बोद्रुमचा किल्ला, लाकडी नौका, निळ्याशार पाण्यात पाय सोडून बसलेल्या आजी. कौतुक करावे तेवढे थोडे!

एवढ्यात एक वेगळेच छायाचित्र पुढे आले. डोंगराच्या उतारावर ओळीने शेकडो घरे, आणि एकावरही छप्पर नाही. धाकटा म्हणाला, "हे भुताचं गाव!" समोरच्या बिऱ्हाडातल्या सिंधी दादी तिथेच चकली मोडीत बसल्या होत्या. त्यांनी चष्मा सावरून बराच वेळ ते चित्र पाहिले आणि मला विचारले, "मास्तर, जाताना कुलूप लावलं होतं का हो यांनी?"

मी शाळेत इतिहास शिकवतो. सनावळ्या पाठ आहेत. पण या प्रश्नापुढे मी गप्प बसलो. पुढे पुस्तके उघडली आणि जे हाती आले ते आज वाचकांपुढे ठेवतो.

त्या गावाचे नाव कायाकॉय. फेतिये या बंदरापासून ते सुमारे आठ किलोमीटरवर आहे. तिथून डोंगरवाटेने खाली उतरले की ओल्युदेनिझचा तो प्रसिद्ध निळा समुद्र लागतो. शंभर वर्षांपूर्वी फेतियेला माक्री म्हणत आणि कायाकॉयला लेव्हिसी. लेव्हिसीची वस्ती ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांची. आसपासच्या सपाटीवर शेती करणारे तुर्क मुसलमान. गावात दोन मोठी चर्चे होती. खालच्या चर्चच्या अंगणात काळ्यापांढऱ्या गोट्यांची नक्षी आजही दिसते. घरे बांधण्याची रीत अशी की एकाच्या भिंतीने दुसऱ्याचा उजेड अडू नये. पावसाचे पाणी साठवायला घराला टाकी असे. शेजाऱ्याच्या उजेडाची एवढी काळजी घेणारे गाव ओस कसे पडले?

पहिल्या महायुद्धात तुर्की साम्राज्य हरले. 1919 च्या मे महिन्यात ग्रीक सैन्य स्मिर्ना बंदरात, म्हणजे आजच्या इझमिरमध्ये, उतरले. तीन वर्षे युद्ध चालले. गावे जळाली, आणि ती दोन्ही बाजूंची जळाली. 1922 च्या सप्टेंबरात मुस्तफा केमालच्या सैन्याने स्मिर्ना परत घेतले आणि त्या शहराचा मोठा भाग आगीत खाक झाला. किनाऱ्यावरचे ग्रीक मिळेल त्या गलबताने पळाले. 1922 आणि 1923 या दोन वर्षांत लेव्हिसीही रिकामे झाले.

आता दृश्य बदलते. स्वित्झर्लंडमधले लोझान शहर, 1922 चा नोव्हेंबर. तहाच्या परिषदेत ब्रिटनतर्फे बसले होते परराष्ट्रमंत्री लॉर्ड कर्झन. होय, तेच कर्झन! 1905 साली बंगालवर फाळणीची रेघ ओढणारे आपले व्हाइसरॉय. लोकसंख्येची अदलाबदल करावी ही सूचना परिषदेपुढे मांडली नान्सेन यांनी. ध्रुवप्रदेशाचे हे नॉर्वेजियन संशोधक निर्वासितांसाठी झिजले होते आणि त्याच वर्षी शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले होते. सक्तीची अदलाबदल हा वाईट उपाय आहे, असे खुद्द कर्झननीही बोलून दाखवले. तरी 30 जानेवारी 1923 रोजी ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात करार झाला.

या करारातली खरी मेख निराळीच आहे. जे अजून घरात होते त्यांना तर त्याने बाहेर काढलेच. पण 18 ऑक्टोबर 1912 पासून जे आधीच निघून गेले होते, त्यांनाही त्याच हिशेबात धरले. सरकारच्या परवानगीवाचून कोणी परतायचे नाही! युद्धात माणसे पळतात. युद्ध संपले की राखेतून का होईना, पण घराकडे वळतात. ही जुनी वाट करारावरच्या सह्यांनी बुजवली. सुमारे 12 लाख ख्रिस्ती आणि साडेतीन ते चार लाख मुसलमान या हिशेबात आले. इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसमधले मुसलमान तेवढे वगळले गेले.

माणूस कोणता हे ठरवायची कसोटी एकच होती, धर्म. भाषेला कोणी विचारले नाही. किनाऱ्यापासून दूर कापादोकियात तुर्की बोलणारे ख्रिस्ती राहत. ते आपली तुर्की ग्रीक लिपीत लिहीत. त्यांना ग्रीसला पाठवले. उलट क्रीट बेटावरचे मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या ग्रीक बोलत. ते बोद्रुमला आणि आयवालिकजवळच्या जुंदा बेटावर येऊन उतरले. आले ते 'आपल्या' देशात, पण दुकानदाराशी बोलायचे कसे? तिकडे अनातोलियातून आलेल्या ग्रीकांना स्थानिक लोक 'तुर्कांचे बी' म्हणून हिणवीत, इकडे क्रीटच्या मुसलमानांना 'अर्धे काफर' म्हणत. ज्या देशाच्या नावाने घर सोडायला लावले, त्या देशाने दारात असे औक्षण केले!

लेव्हिसीच्या रिकाम्या घरांत ग्रीसमधून आलेल्या काही मुसलमान कुटुंबांना बसवण्यात आले. त्यांना हा डोंगरउतार मानवला नाही. बहुतेक जण सोडून गेले. पुढे छपरांचे लाकूड गेले, दारेखिडक्या गेल्या. 1957 च्या भूकंपाने उरलेल्या भिंतीही खिळखिळ्या केल्या. आज सुमारे पाचशे घरांचे अवशेष जतन केलेले आहेत. आणि तिकडे अथेन्सजवळच्या किनाऱ्यावर माक्रीच्या निर्वासितांनी एक गाव वसवले. त्याचे नाव ठेवले नेआ माक्री, म्हणजे नवे माक्री. घर नेता येत नाही. नाव नेता येते.

आम्हा कल्याणकरांना हे समजायला लोझानपर्यंत जायला नको. 1947 नंतर सिंधमधून आलेली हजारो कुटुंबे इथल्या लष्करी छावणीच्या बराकींत उतरली. 1949 साली त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. फाळणीच्या वेळी लोझानसारखा करार नव्हता, पण परतीची वाट इथेही तशीच बुजत गेली. दादींचे बालपण त्या बराकींतच सरले.

त्या किनाऱ्यावर हल्ली एक चांगली गोष्ट घडते आहे. काश गावासमोर अवघ्या काही किलोमीटरवर मेइस हे ग्रीक बेट आहे. धक्क्यावरून ते डोळ्यांनी दिसते. 2024 साली ग्रीसने तुर्की नागरिकांना अशा काही जवळच्या बेटांवर सात दिवसांपुरता व्हिसा तिथल्या तिथे द्यायला सुरुवात केली. तुर्की कुटुंबे सुट्टीत पलीकडे जाऊन मासे खाऊन येतात. ग्रीसमधून पणतू-पणत्या येतात आणि पणजोबांचे घर शोधतात. सगळ्यांच्या हाती परतीचे तिकीट असते. सुखाचा प्रवास आणि दुःखाचा प्रवास यांत वाट तीच, समुद्र तोच. फरक असतो तो एवढ्याशा कागदाचा.

हे सारे मी दादींना सांगितले. त्या म्हणाल्या, "म्हणजे कुलूप बाहेरूनच लागलं म्हणायचं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "आमच्या बाबांनी शिकारपूरच्या घराला कुलूप लावलं होतं. दोन महिन्यांत परत यायचं होतं ना." मग त्यांनी धाकट्याला ते छायाचित्र पुन्हा काढायला लावले आणि एका पडक्या भिंतीवर बोट ठेवले. "मोठं कर बाळ. हा बघ कोनाडा. इथे दिवा ठेवत असतील."

धाकटा त्या कोनाड्याकडे पाहत राहिला. त्याने छायाचित्राखाली 'भुताचं गाव' असे लिहून ठेवले होते. ते पुसून त्याने मला विचारले, "काका, खरं नाव काय म्हणालात?"

मी सांगितले, "लेव्हिसी."