एका नावाच्या दोन पाकोळ्या

जुना ग्रंथ वाचताना शब्दाचा आजचा अर्थ त्याच्यावर लादू नये, हा दंडक साहित्याच्या अभ्यासकांना नवा नाही. पक्ष्यांच्या नावांपाशी मात्र आपण तो सहसा विसरतो. सालिम अली यांचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' १९४१ साली प्रसिद्ध झाले. त्यातला 'हाऊस स्विफ्ट' आणि आजच्या पक्षिसूचीतला 'हाऊस स्विफ्ट' हे एकच पक्षी नव्हेत. हे कसे घडले, ते पाहण्यासारखे आहे.

आपल्या जुन्या वाड्यांच्या आणि देवळांच्या छताखाली पिसे, काड्या व स्वतःची लाळ यांची घरटी चिकटवून वसाहत करणारी, पांढऱ्या कंठाची व पांढऱ्या कटीची पाकोळी सर्वांनी पाहिलेली असते. तिला शास्त्रीय नाव मिळाले ते १८३० साली, जॉन एडवर्ड ग्रे या लंडनच्या प्राणिशास्त्रज्ञाकडून. त्याने तिला 'अफिनिस' म्हटले. या लॅटिन शब्दाचा अर्थ 'नात्यातली', 'जवळची'. पुढे १८३७ मध्ये ब्रायन हॉजसनने नेपाळातल्या पाकोळीला 'निपालेन्सिस' हे वेगळे नाव दिले. काठमांडूचा हा ब्रिटिश रेसिडेंट आपल्याला दुसऱ्याच कारणाने ठाऊक असतो. त्याने मिळवून पाठवलेल्या संस्कृत बौद्ध हस्तलिखितांवरच युजेन ब्युर्नुफचा १८४४ चा बौद्ध धर्मावरील ग्रंथ उभा राहिला. पोथ्या जमवणारा आणि पाखरांतले भेद टिपणारा माणूस एकच होता.

हा भेद आहे तरी केवढा? दोघींची कटी पांढरी, कंठही पांढरा. 'अफिनिस'ची शेपटी सरळ कापल्यासारखी व काहीशी फिकट. 'निपालेन्सिस'चा रंग अधिक गडद, कटीवरचा पांढरा पट्टा अरुंद आणि शेपटीला उथळशी खाच. तीही शेपटी मिटलेली असतानाच दिसते. वळण घेताना शेपटी पसरली की खाच नाहीशी होते. तेव्हा एका क्षणाच्या दर्शनावर निर्णय देता येत नाही. रंग, पट्टा, शेपटी आणि स्थळ ही सारी एकत्र वाचावी लागतात. पहिली आफ्रिकेपासून भारतीय द्वीपकल्प व श्रीलंकेपर्यंत आढळते. दुसरी नेपाळ आणि पूर्व हिमालयापासून आग्नेय आशिया व जपानपर्यंत.

भेद इतका सूक्ष्म असल्यामुळे विसाव्या शतकात बराच काळ दोघींना एकाच जातीच्या उपजाती मानले गेले. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्या दहा खंडांच्या 'हँडबुक'मध्येही (१९६८–७४) हीच व्यवस्था आहे. आधीचे नाव ग्रेचे, म्हणून जातीचे नाव 'अफिनिस' राहिले आणि इंग्रजीत त्या साऱ्या कुळाला 'हाऊस स्विफ्ट' म्हटले गेले. पुढे दोन्ही जाती पुन्हा वेगळ्या मानल्या गेल्या, तेव्हा ते इंग्रजी नाव पूर्वेकडच्या 'निपालेन्सिस'ला गेले. आपल्या घरची पाकोळी 'लिटल स्विफ्ट' झाली. पक्षी छताखालून हलला नाही. नावाने मात्र घर बदलले.

संहिता-चिकित्सेत असाच प्रश्न वारंवार उभा राहतो. समोरच्या दोन प्रती म्हणजे एकाच कृतीचे पाठभेद मानायचे, की दोन स्वतंत्र कृती? दोन्ही उत्तरांना आधार सापडतो आणि निर्णय पिढीगणिक बदलू शकतो. त्यामुळे आधीच्या पिढीला चुकीचे ठरवण्याची घाई आम्हांला योग्य वाटत नाही. तिने पाहिलेले साम्य खरेच होते.

पण वाचकाची जबाबदारी त्यामुळे वाढते. मुंबई-पुण्याच्या परिसरातल्या 'हाऊस स्विफ्ट'विषयी कोणी १९५० साली लिहिले असेल, तर आज त्याला टीप जोडणाऱ्याने किंवा त्याचे भाषांतर करणाऱ्याने नव्या सूचीत ते नाव शोधून थांबू नये. तसे केल्यास आपल्या देवळातली पाकोळी उडवून तिच्या जागी हिमालयातली आणून बसवली, असे होईल. नावापाशी थांबण्याऐवजी लेखकाने केलेले वर्णन, स्थळ आणि साल पाहावे. शेपटी सरळ आहे की खाचेची, हे त्याने लिहिले असेल, तर ती एक ओळ नावापेक्षा अधिक विश्वासार्ह ठरते.