पाटीखालची पाटी

२०२३ च्या दिवाळीतली गोष्ट. लिहीन लिहीन म्हणत राहून गेली. पुण्यातली नोकरी, प्रवास, आळस अशी कारणं देता येतील, पण खरं कारण शेवटचंच.

त्या वर्षी २५ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने राज्यातल्या दुकानदारांना मराठी पाट्या लावायला दोन महिन्यांची मुदत दिली होती. नियम साधा: देवनागरीतला मराठी मजकूर आधी, आणि त्याची अक्षरं दुसऱ्या कुठल्याही लिपीपेक्षा लहान नकोत. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांनाही तो २०२२ पासून लागू झाला होता. जालन्यात काद्राबाद भागात आमचं भांड्यांचं दुकान आहे. कामगार म्हणाल तर दादा आणि एक पोऱ्या. पण पाटीवर इंग्रजी नाव हातभर आणि मराठी वीतभर, त्यामुळे बदलणं भागच होतं. मी दिवाळीला घरी गेलो होतो, तर शिडी धरायचं काम माझ्याकडे आलं.

फ्लेक्सची लोखंडी चौकट उतरवली आणि मागून आजोबांच्या वेळची लाकडी पाटी निघाली. २००६ साली फ्लेक्सवाल्याने ती काढायचे कष्टच घेतले नव्हते, आयता आधार मिळाला म्हणून तिच्यावरच स्क्रू मारले होते. सतरा वर्षं अंधारात राहिल्यामुळे रंग चांगले टिकले होते. डाव्या बाजूला तांब्याची घागर, तिच्या पोटावर पांढऱ्या रंगाची एकच चमक. लहानपणी मला ती चमक खरी वाटायची, ऊन पडलंय असं.

पाटी ओट्यावर आडवी ठेवली. सकाळचं तिरपं ऊन होतं. त्या उन्हात मराठी अक्षरांच्या खाली दुसरी अक्षरं उठून दिसायला लागली. रंग नाही, नुसते उंचवटे. हात फिरवला की बोटाला लागत होते. उर्दू!

इथे थोडा इतिहास सांगावा लागेल, विशेषतः पुण्या-मुंबईच्या वाचक मित्रांसाठी, ज्यांना आम्ही १९४७ ला स्वतंत्र झालो नाही हे दर वेळी नव्याने सांगावं लागतं. जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात. पोलीस ॲक्शननंतर १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला, तोपर्यंत सरकारी भाषा उर्दू. कचेरी उर्दूत, कोर्ट उर्दूत, शाळेतही उर्दूच. आमच्या आजोबांची खतावणी मोडीत, अर्ज उर्दूत आणि भांडण मराठीत चालायचं. "जालना सोने का पालना" ही म्हण आजही गावात ऐकू येते. अशा बाजारपेठेच्या गावात दुकानाची पाटी सरकारदरबारच्या लिपीत असणं यात विशेष काही नव्हतं. विशेष हे की आम्हा नातवंडांना ते कुणी सांगितलं नव्हतं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, त्यानंतर केव्हातरी आजोबांनी पाटी मराठीत करून घेतली, एवढंच वडिलांच्या तोंडून ओझरतं ऐकलेलं.

आणखी एक गंमत. मराठी मजकुराच्या शेवटी "जि. जालना" लिहिलंय, त्यातल्या 'जालना'च्या मागे रंगाचा एक चौकोनी तुकडा वेगळा दिसतो. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यातून आणि परतूर परभणीतून काढून. त्या तुकड्याखाली "औरंगाबाद" आहे. गावातल्या किती पाट्यांवर, शाळांवर, लेटरहेडांवर तो एक शब्द बदलावा लागला असेल! पेंटर लोकांना त्या वर्षी बरे दिवस आले असणार.

आमचे पेंटर म्हणजे चाचा. नाव लिहीत नाही, जालनेकर ओळखतीलच. उर्दू, मराठी, हिंदी, इंग्रजी चारही हाताखालून गेलेल्या. मी शाळेतून येताना त्यांच्या दुकानासमोर तासन्‌तास उभा राहायचो. पत्र्यावर आधी प्रायमर, मग बेस. खडूची पूड लावलेला दोरा दोन टोकांना ताणायचा आणि मधे टिचकी मारायची, की सरळ रेघ उमटायची. डाव्या हातात काठी, तिच्या टोकाला चिंधीचा गोळा. तो पत्र्याला टेकवायचा आणि काठीवर उजवं मनगट ठेवायचं, म्हणजे हात हलत नाही. शिरोरेघ सगळ्यात शेवटी. ती एका दमात ओढताना ते श्वास रोखायचे, आणि बघता बघता मीही रोखायचो.

हा धंदा म्हणजे नुसती दुकानांची पाटी नव्हे. नंबरप्लेटा, गणेश मंडळाचे कापडी फलक, बियाणांच्या आणि सळयांच्या जाहिराती रस्त्याकडेच्या भिंतींवर (जालना म्हणजे बियाणं आणि लोखंड, महिकोची सुरुवात १९६४ साली इथलीच), आणि निवडणुकीत तर रात्रंदिवस भिंती. पेंटर हा शब्द आपल्याकडे आडनाव म्हणून मिरवलाय. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री नाटकाचे पडदे रंगवत बाबूराव पेंटर झाले. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवत होते. त्यांची चरित्रं लिहिली गेली, तालुक्याच्या गावातल्यांची कोण लिहिणार.

लोक म्हणतात फ्लेक्सने पेंटर मारला. मला ते अर्धंच खरं वाटतं. त्याआधी शेषनसाहेबांनी नव्वदच्या दशकात निवडणुकीच्या भिंती बंद केल्या आणि १९९५ ला राज्याचा मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदा आला. चाचांची मोठी कमाई तिथेच गेली होती. भिंती स्वच्छ झाल्या हे चांगलंच झालं. पण मग फ्लेक्स आला आणि भिंतीवर जे नको होतं ते चौकाचौकात टांगलं गेलं. भर म्हणून त्यावर फोटो.

फ्लेक्स म्हणजे पॉलिएस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा थर. त्यावर मशीन चार रंगांचे शिंतोडे उडवत पुढे-मागे फिरतं. आमच्याकडे तेव्हा दिवसाचे कितीतरी तास लोडशेडिंग, त्यामुळे छपाईवाल्याच्या दारात जनरेटर आणि हवेत शाईचा उग्र वास. आज सांगा, उद्या घ्या. उन्हात आधी लाल-पिवळा उडतो, म्हणून जुन्या फ्लेक्सवरचे सगळे नेते निळे पडलेले असतात. पण उतरवलेला फ्लेक्स वाया जात नाही हेही खरं. २०१२-१३ च्या दुष्काळात गोठ्याच्या छपरावर वाढदिवसाच्या शुभेच्छा मी स्वतः पाहिल्यात. आणि २०२३ ला अंतरवाली सराटीच्या उपोषणानंतर गावोगावी वेशीवर नेत्यांना गावबंदीचे फलक लागले, तेही बहुतेक फ्लेक्सच. ज्या मशीनवर नेत्यांचं स्वागत छापायचं त्याच मशीनवर. एका रात्रीत एवढं काम ब्रशने झालं नसतं.

आता आमच्या फ्लेक्सबद्दल. त्यावर लिहिलं होतं "भांडयाचे दुकान". भांड्याचे नव्हे, भांडयाचे. क, त, प अशा अक्षरांना उभा दांडा किंवा आकडा असतो, तो तोडला की अर्धं अक्षर तयार. ट, ठ, ड, ढ यांना तोडायला दांडाच नाही. त्या वेळच्या फॉन्टमध्ये 'ड्य'साठी वेगळी कळ शोधावी लागायची, आणि टाइप करणाऱ्या पोराला घाई असायची. (आजूबाजूला बघा, 'गाडया' आणि 'साडया' अजून सापडतील.) चाचांनी असं कधी लिहिलं नसतं. त्यांची मराठी आमच्यापेक्षा शुद्ध होती, कारण एकदा लिहिलेलं पुसायचं म्हणजे रॉकेल, चिंधी आणि अर्धा दिवस. घागरीच्या जागी नेटवरून उतरवलेली एक गोरी बाई नॉनस्टिक तवा घेऊन हसत होती. सतरा वर्षं हसली.

आणि ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते अजून लिहिलंच नाही. २००६ ला पाटी नव्याने रंगवायचं आधी चाचांनाच सांगितलं होतं. ते येऊन माप घेऊन गेले, चहा पिऊन गेले. मग कुणीतरी दादाला फ्लेक्सचा भाव सांगितला, चौथाईपेक्षा कमी. दादाने फ्लेक्स टाकला. चूक म्हणता येणार नाही, धंदा आहे. पण चाचांना कळवायचं दादावर, वडिलांवर आणि माझ्यावर फिरत राहिलं आणि कुणीच कळवलं नाही. त्यांनी येता-जाता पाहिलंच असेल. पुढच्या आठवड्यात ते दुकानात आले, एक पातेलं घेतलं आणि सांगितलेल्या भावाने पैसे देऊन गेले. घासाघीस केली नाही. मी गल्ल्यावर होतो.

तर त्या दिवशी मी त्यांना बोलावून आणलं. आता सत्तरीचे असतील. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. शाळांच्या बोलक्या भिंती, स्वच्छतेच्या घोषणा अशी कामं मिळतात, चढायचं काम नातू करतो. त्यांनी पाटीजवळ बसून उंचवट्यांवरून उजवीकडून डावीकडे बोटं फिरवली.

"ये तो उस्ताद का हाथ है."

मग वाचून दाखवलं. पहिल्या ओळीत आजोबांचं नाव. दुसऱ्या ओळीत "ताजिर-ए-झुरूफ". झुरूफ म्हणजे भांडी, ताजिर म्हणजे व्यापारी. आमच्या घराचा तीन पिढ्यांचा धंदा, आणि त्याचं हे नाव घरात कुणी उच्चारलेलं मी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, चाचा, एवढ्या वर्षांनीही कसं टिकलं?

"पुराना रंग घिस के निकालने का पैसा अलग होता था," चाचा हसले. "तुम्हारे दादा बोले, घिसो नक्को, उसीच पे मारो."

आजोबांची चिक्कू म्हणून ख्याती होती. अशी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

दुकानावरची नवी पाटी एसीपी शीटची, मशीनवर कापलेली अक्षरं, आत एलईडी. चाचांनी करावी असं मला वाटत होतं, दादा नाही म्हणाला, आणि उंचीवर चढायला चाचाही नाहीच म्हणाले. 'ड्या' मात्र या वेळी बरोबर आलाय, युनिकोडची कृपा. चाचांनी शटरवर घागर काढून दिली. मोठा भाग नातवाने भरला, चमक त्यांनी स्वतः मारली. २००६ बद्दल मी काहीतरी बोलायला गेलो, तर म्हणाले, रॉकेल है क्या घर में, ब्रश धोना है.

घागर दुकान बंद असतानाच दिसते. जुनी पाटी माडीवर ठेवलीय. तिसरी ओळ चाचांनाही लागली नाही, तिथे फळी फुगलीय. अंबडच्या आत्या, नांदेडचे काका, तुमच्यापैकी कुणाकडे दुकानासमोर काढलेला जुना फोटो असेल तर शोधा आणि मला कळवा. दादा म्हणतो माडी रिकामी करायचीय.